झाकलेले ताट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील दिवाळी संमेलनात केलेले भाषण)



या भाषणासाठी मला विषय विचारण्यात आला तेव्हा ‘दिवाळीचा फराळ’ असे मी सांगितले आणि आपल्या कार्यवाहांच्या चेहऱ्यावर किंचित निराशा उमटलेली मला दिसली. सुवर्णमहोत्सवी वर्षातील भाषण. त्यात ज्ञानेश्वर असावेत, निदान लोकमान्य तरी असावेत, ही त्यांची अपेक्षा मुळीच गैर नव्हती. शिवाय सरकारदरबारी मी अधिकारी असलो तरी पाकशास्त्रात सर्वस्वी अनधिकारी आहे, हे येथील भगिनीवर्गाला चांगले ठाऊक आहे. तरीही हाच विषय मी हट्टाने घेतला. ज्ञानेश्वरांची ओळख आपण शेजाऱ्यांना करून देऊ शकलो नाही. चकलीची मात्र करून दिली. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत या गोष्टीचा वाटा थोडा नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आपण राहतो तो मुलूख मराठ्यांना पूर्वीपासून ओळखतो. पण ती ओळख अभिमानाने सांगावी अशी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ पासून दहा वर्षे बंगालवर चालून येत राहिल्या. त्यांच्या धास्तीने १७४२ साली कोलकात्याभोवती खंदक खणण्यात आला. ‘बर्गी’ हा शब्द येथील अंगाईगीतात जाऊन बसला आणि मुलांना निजवण्यासाठी अद्यापि उपयोगी पडतो. मी वऱ्हाडातला. २००२ साली बदलीवर या गावी आलो, तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातील वृद्ध आजींनी आमची विचारपूस केली आणि आम्ही नागपूरकडचे आहोत असे कळताच सुनेकडे वळून, डोळे मिचकावीत, “बर्गी आले गं,” असे म्हटले. थट्टाच होती ती. पण अडीचशे वर्षे टिकलेली थट्टा.

त्यानंतर काही दिवसांनी दुर्गापूजा आटोपली. दशमीला मूर्तींचे विसर्जन झाले की बंगाली मंडळी वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात, परस्परांना आलिंगन देतात आणि आल्यागेल्याच्या हातावर घरचा गोड पदार्थ ठेवतात. त्याप्रमाणे समोरच्या सूनबाई, ज्यांना आम्ही पुढे ‘बौदी’ म्हणू लागलो, एका वाटीत नारळाचे लहान लहान लाडू घेऊन आल्या. त्यांना येथे ‘नारू’ म्हणतात. आईने एक तोंडात टाकला आणि म्हणाली, “अरे, हे तर मोदकाचे सारण!” खोवलेला नारळ आणि गूळ, तेच साहित्य, तीच चव. आपण त्याला उकडीचे पांघरूण घालतो, ते उघडाच वळतात, एवढाच काय तो फरक.

येथे एक गोष्ट मला नोंदवाविशी वाटते. हा प्रांत मिठाईच्या दुकानांचा. संदेश आणि रसगुल्ल्यांच्या बाबतीत येथील हलवायाची बरोबरी देशात कोणी करू नये. गल्लीच्या तोंडाशी उत्तम दुकान असताना विजयेच्या दिवशी मात्र पुष्कळ घरी नारळ खोवलाच जातो. दुकानची मिठाईही असते. परंतु ती पाहुण्यांसाठी. नारू माणसासाठी असतो. या दोहोंतला भेद मला त्या वेळी उमगला नाही. तो उमगण्यास बरीच वर्षे जावी लागली.

आता प्रश्न पडला तो वाटीचा. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, हा आपल्याकडचा अलिखित कायदा आपण सर्व जाणता. चिमूटभर साखर का होईना, पण त्यात काही घालूनच ती जावयाची. आईला साखर घालणे कमीपणाचे वाटले. विजयादशमीपासून अश्विन अमावास्येपर्यंत वीस दिवस ती वाटी आमच्या फडताळात थांबली आणि दिवाळीच्या पहिल्या दिवशी आईच्या पितळी ताटात बसून, क्रोशाच्या रुमालाखाली झाकली जाऊन, समोर गेली. त्या ताटाच्या काठावर आईचे नाव आणि १९६६ हे तिच्या लग्नाचे साल कोरलेले होते. ताट परत आले ते पौष संक्रांतीला, पाटीशाप्टा घेऊन. खजुराच्या नव्या गुळाच्या वासाने आमचे घर त्या दिवशी भरून गेले होते. पुढे सोळा वर्षे समोरासमोरच्या त्या दोन दारांमध्ये हे ताट जात-येत राहिले. ते कोणाच्या घरी आहे यावरून पुढची पाळी कोणाची हे कळे.

‘फराळ’ हा शब्द मुळात फलाहारावरून आला. उपवासाला चालणारा हलका आहार असा ज्याचा अर्थ, तो शब्द आपण तळणीच्या पदार्थांना कसा बहाल केला, याचे मला नेहमी कौतुक वाटते. परंतु या हलक्या आहारामागचे कष्ट किती भारी असतात, हे येथे बसलेल्या पुरुषांपैकी किती जणांना ठाऊक आहे? अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे, मग ते फडक्यावर पसरून सुकवून, किंचित ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून गोळा पुन्हा काही दिवस मुरू द्यायचा. इतके करूनही तुपात पडताच अनारसा ‘हसला’, म्हणजे फुटून पसरला, की करणारीला रडू यावे! त्यातून बंगालची हवा. आपल्याकडे पावसाळा सरून हवा कोरडी होते. येथे दिवाळीपर्यंत दमटपणा हटत नाही, आणि सकाळी केलेली कुरकुरीत शंकरपाळी डबा घट्ट न लावल्यास संध्याकाळी मान टाकते. चिवड्याचे पातळ पोहे आम्ही नागपूरहून गीतांजली एक्स्प्रेसने येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर मागवीत असू. भाजणी दळण्याचे संकट निराळेच. पहिल्या वर्षी येथील गिरणीवाल्याने आधीची हळद दळून त्याच जात्यात आमची भाजणी टाकली. त्या वर्षीच्या चकल्या गर्द पिवळ्या निघाल्या. महाराष्ट्रात त्या अशाच असतात, अशी समोरच्या घराची पुढील वर्षापर्यंत समजूत होती.

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० साली निघाले. घरोघरच्या सुनांना त्याने वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवला. आईजवळ त्याची तेलकट झालेली प्रत होती. परंतु चकलीच्या मोहनाच्या बाबतीत ती पुस्तकाचेही ऐकत नसे. मोहन अधिक झाले तर चकली तेलात विरघळते, कमी झाले तर दाताला दाद देत नाही. आणि किती घालावे हे पीठच सांगते, असे तिचे मत होते. बौदी तिच्याजवळ बसून हे पाहत. एकीला बंगाली येत नव्हते, दुसरीला मराठी. हिंदी दोघींचेही बेताचे. तरीही दोघींचे सगळे बोलणे होई.

हे देणे-घेणे पदार्थांपुरते राहिले नाही. बौदींना नात झाली तेव्हा आईने आपल्या जुन्या नऊवारीची गोधडी शिवली. ती घेऊन आम्ही गेलो, तर पाळण्यात अगोदरच एक काथा अंथरलेली होती. थोरल्या आजींनी जुन्या साड्यांचे पदर एकावर एक ठेवून, साडीच्याच काठातील रंगीत दोरे उसवून काढून, त्यांनी टाके घातलेली. नव्या जिवाला वापरून मऊ झालेल्या वस्त्रातच ठेवावे, हे दोन्ही म्हाताऱ्यांना कोणी न शिकवता ठाऊक होते. पुढच्या संक्रांतीला त्या नातीचे बोरन्हाण आईने आमच्या घरी केले. त्यासाठी लागणारे हलव्याचे दागिने येथे कोठून मिळणार? मंद शेगडीवर परात ठेवून, तिळांवर साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडीत, बोटांनी ते अखंड फिरवीत ती तीन दिवस बसली होती. हलव्याला काटे फुटले तेव्हा तिच्या बोटांना फोड आले होते. त्या पोरीने मुकुट डोक्यावर पाच मिनिटे ठेवला, आणि उरलेला वेळ तो खाल्ला.

आता थोडे माझ्या कचेरीविषयी. दिवाळीच्या सुमारास सरकारी अधिकाऱ्याच्या घरी खोकी येतात. चकचकीत कागदात गुंडाळलेली, सुक्या मेव्याची, चांदीच्या वर्खाची. वर छापील शुभेच्छा, आणि पाठवणाऱ्याचे एखादे काम आपल्या टेबलावर. ती परत करण्यात माझी दर वर्षीची दिवाळी जात आली आहे. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियम, १९६४ यातील तेरावा नियम भेटवस्तूंविषयी आहे आणि तो मला पाठ आहे. प्रासंगिक भोजन व सामाजिक पाहुणचार यांस त्या नियमाने भेटवस्तू मानलेले नाही. एकदा एका शिस्तप्रिय सहकाऱ्याने मला विचारले, “मग शेजारचे ताट कसे घेता?” मी नियमावर बोट ठेवून उत्तर दिले, पण ते उत्तर कागदोपत्री होते. खरा फरक असा की खोक्यावर माझ्या हुद्द्याचे नाव असे. माझी बदली झाली असती तर तेच खोके, तसेच, माझ्या जागी येणाऱ्याकडे गेले असते. ताट तसे कोणाकडेही जात नाही. मला वेलची आवडत नाही म्हणून चार नारू वेलचीविना वळून बाजूला ठेवणारा कंत्राटदार मला नोकरीत भेटलेला नाही.

इतके सगळे कळत असूनही माझ्या हातून जे घडले तेही सांगितले पाहिजे. आपल्या मंडळात भगिनी एकत्र बसून फराळ करीत आणि त्याचे डबे आपण वसाहतीत व रुग्णालयात वाटीत असू. दोन वर्षांपूर्वी कार्यकारिणीच्या बैठकीत, खजिनदार या नात्याने, मी सूचना मांडली की हा फराळ यापुढे पुण्याहून तयार मागवावा. हिशेबाने ते स्वस्त पडत होते. भगिनींची संख्या घटली होती. उरलेल्या साठीच्या पुढच्या होत्या. सूचना बिनविरोध मंजूर होणार, इतक्यात एका ज्येष्ठ भगिनींनी शांतपणे विचारले, “साहेब, आपण कधी चकली पाडली आहे का?” मी नाही म्हणालो. “यांच्यापैकी कोणी?” त्यांनी सर्व पुरुष सभासदांकडे पाहिले. कोणीही उत्तर दिले नाही.

त्या बाईंना फराळ विकत आणण्याचे दुःख नव्हते. किंबहुना, पुढे त्यांनीच मला सांगितले की चाळीस वर्षे तळणीपुढे उभे राहून त्यांचे गुडघे गेले, आणि दर दिवाळीच्या पहाटे त्या जागरणाने इतक्या थकलेल्या असत की अभ्यंगस्नानाचा आनंद त्यांना आठवत नाही. दुःख याचे होते की घरच्या फराळाची थोरवी आम्ही पुरुष भाषणांतून गात आलो आणि तो बंद करण्याचा ठरावही आम्हीच मांडला. मधल्या कामाशी मात्र आमचा संबंध नव्हता. हे ऐकून मला माझ्या आईच्या बोटांवरचे फोड आठवले. ते मी पाहिले होते. पण त्या तीन दिवसांत एकदाही परातीपुढे बसलो नव्हतो.

मी सूचना मागे घेतली. आणि गेल्या वर्षी आम्ही पाच पुरुष सभागृहाच्या स्वयंपाकघरात उभे राहिलो. त्या प्रकाराचे वर्णन करण्याचा मोह मी आवरतो. पहिला घाणा सर्वस्वी विरघळला. सोऱ्या दाबताना माझा खांदा आखडला. तीन तासांनी, ज्यांना चकल्या म्हणता येईल अशा वस्तू निघू लागल्या. भगिनी खुर्च्यांवर बसून सूचना देत होत्या आणि, मला वाटते, मंडळाच्या इतिहासात प्रथमच त्यांना कार्यक्रम मनापासून आवडला.

एक गोष्ट सांगायची राहिली. २०१८ च्या आषाढात आईने तळणीच्या निमित्ताने गुळाच्या पुऱ्या करून ते पितळी ताट समोर पाठवले. श्रावणात ती गेली. आपल्याकडे ज्या घरी मृत्यू झाला त्या घरी वर्षभर सणाचे तळण करीत नाहीत. शेजारपाजारचे आणून देतात. परमुलुखात हे कोण जाणणार, म्हणून आम्ही त्या दिवाळीला पणतीखेरीज काही करायचे नाही असे ठरवले होते. नरकचतुर्दशीच्या सकाळी दार वाजले. बौदी उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातात झाकलेले ताट होते. विजयेचे नारू त्यांनी दुसऱ्या वाटीतून पाठवले होते, हे मला तेव्हा आठवले; ताट त्यांनी राखून ठेवले होते. “माशीमांनीच मला एकदा सांगितले होते, की अशा वर्षी तुम्ही घरी तळत नाही,” त्या म्हणाल्या. रुमाल काढला. खाली करंज्या होत्या. कातण नसल्याने कडा बोटांनी मुरडलेल्या, आकाराने त्यांच्या पुलीपिठ्यासारख्या आखूड आणि फुगीर, आत नारूचे सारण. एका कोपऱ्यात चार निराळ्या ठेवलेल्या होत्या, वेलची न घातलेल्या. आईचे नाव काठावर जेथे कोरले आहे, ती बाजू माझ्याकडे होती.

ताट सध्या आमच्या घरी आहे, म्हणजे यंदाची पाळी आमची. सौ.ने करंज्या आणि चिवडा केला असून चकल्या माझ्याकडे सोपवल्या आहेत. भाजणी काल गिरणीतून आणली. दळण्यापूर्वी जाते पुसून घ्यायला मी स्वतः उभा होतो. तेव्हा अध्यक्षांनी आता मला रजा द्यावी. घरी पीठ भिजवायचे आहे.