पांढरं बोंड, काळी माती



छायालेखक म्हणजे नेमकं काय, असं काल जेवताना दोघांनी विचारलं. दारव्ह्यात तर मी अजून 'शूटिंगवाला'च आहे! आपल्या चित्रपटांतलं या कामाचं पहिलं नाव त्र्यंबक तेलंगांचं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) त्यांनी चित्रित केला. कॅमेरा हाताने फिरवायचा, वेग मनगटाच्या अंदाजावर.

माझी सुरुवात मुंबईत टेप धरून झाली. भिंगापासून नटाच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजायचं, हेच काम काही वर्षं. तेव्हा चारशे फुटांचं रीळ जेमतेम साडेचार मिनिटं चालायचं. फोकस हलला की निर्मात्याचा पैसा गेला आणि सहायकाचा उद्धार झाला. एकाने तर सहा महिन्यांची मजुरी बुडवली. घरी कळवलं नाही. त्याच वर्षी बाबांची पऱ्हाटी गेली होती.

कॅमेरा हातात आल्यावर कळलं, सगळ्यात अवघड जागा आपलं कापसाचं वावर. काळी माती उजेड गिळते, फुटलेलं बोंड डोळे दिपवतं. बोंड सांभाळावं तर कास्तकाराचा चेहरा काळा, चेहरा उजळावा तर बोंडाचा नुसता पांढरा डाग. मग थर्माकोलचा तक्ता धरा, नाही तर सकाळी नऊपर्यंत आणि चारनंतरच काम करा.

२००६ च्या सुमारास आपल्या जिल्ह्यात कॅमेरेच कॅमेरे आले. एका माहितीपटासाठी मलाही पाठवलं. सूचना होती : बाई रडली की जवळ जा. नवरा जाऊन महिना झालेली ती बाई शेजाऱ्याशी वखरासाठी बैलजोडीचं बोलत होती. मी कॅमेरा अंगणाच्या या टोकालाच ठेवला, बोलणं पूर्ण घेतलं. दिग्दर्शक चिडले. त्यांचं पुढचं काम मला मिळालं नाही, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला? छायालेखन सुधीर पळसाने यांचं. नवरा जिवाचं बरंवाईट करील म्हणून बायको पोराला त्याच्या पाळतीवर ठेवते. धास्ती आहे, तरी हसू येतं. आपल्या घरांत असंच असतं, नाही का? नुसत्या भेगाळलेल्या जमिनीत ते दिसत नाही.

आणि हो, उद्याचा ग्रुप फोटो बारा वाजता ठेवलाय म्हणे. काहून बावा? सगळ्यांचे डोळे काळे येतील. सकाळी आठला मैदानावर या, मी काढतो.