घायपाताची गोडी

दख्खनच्या माळावर, शेताच्या बांधावर आणि रेल्वेमार्गाच्या कडेला काटेरी टोकांच्या जाड पानांचा घायपात सर्वांनीच पाहिलेला असतो. त्याच्या वाखाचे दोर वळतात, एवढाच त्याचा लौकिक. ही वनस्पती मूळची अमेरिकेची. आणि मायदेशी, मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतात, तिची एक निळसर जात चक्क गोडीसाठी लावतात.

पाण्याची उधळपट्टी टाळण्यासाठी ती आपली पर्णरंध्रे प्रायः रात्रीच उघडते आणि ५ ते ७ वर्षांची कमाई बुंध्याच्या गड्ड्यात साठवते. ही साठवण उसासारखी साध्या साखरेची नसते. फ्रुक्टोज, म्हणजे फळसाखर, हिचे रेणू एकमेकांत गुंफून झालेल्या फांद्याफांद्यांच्या साखळ्या त्यात असतात. ह्या जटिल कर्बोदकाला फ्रुक्टान म्हणतात. ते गोडीला बेताचेच. ते तोडणारे विकर मनुष्याच्या शरीरात तयार होत नाही. त्यामुळे ते न पचताच मोठ्या आतड्यात उतरते आणि तेथील जीवाणू त्यावर पोसले जातात. कांद्या-लसणातही फ्रुक्टान असते. कांदा खाल्ल्यावर कित्येकांचे पोट फुगते त्याचे एक कारण हेच.

मात्र ‘अगावे’ नावाने बाटलीत मिळणारा पाक निराळा. गड्ड्याचा रस तापवून किंवा त्यात विकर घालून ह्या साखळ्या मुद्दाम तोडतात. त्याशिवाय गोडी यावी कोठून? टकीला मद्यासाठी गड्डे भाजण्याची जुनी रीतही ह्याच कारणाने पडली, कारण मद्य करणाऱ्या यीस्टला अखंड साखळी सहसा पेलत नाही. पाकात उरते ते मुख्यतः सुटे फ्रुक्टोज.

हा पाक मधुमेही माणसाला निर्धोक म्हणून सुचवला जातो. फ्रुक्टोजने रक्तातील ग्लुकोज फारसे चढत नाही, हे खरे. पण ते अर्धेच खरे. फ्रुक्टोजचा मोठा भार यकृतावर पडतो आणि अतिरेक झाल्यास तेथे त्याची चरबी होते. फ्रुक्टानचे गुण वाचून पाक घेणाऱ्या गृहस्थाच्या चमच्यात फ्रुक्टान जवळजवळ नसतेच. त्याने तो पाक साखरेच्याच हिशेबात धरावा, आणि तोही वैद्याला विचारून.

दक्षिणेकडील कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळातही ह्याच कुळातले इन्युलिन असते. मूळ भाजताना त्याचाही बराच भाग मोडतो, आणि कॉफीला तो गडद रंग व कडवट-गोड वास येतो तो ह्या मोडतोडीतूनच.