भुंगेरा दिव्याकडे का झेपावतो?

ढोकीहून बोलतेय.

वळीव पडला की ओसरीतल्या बल्बवर तपकिरी भुंगेरे धडकायला लागतात. आपण केरसुणीनं लोटून देतो. पण हीच हुमणीची आई! मागच्या साली आमचा ऊस पिवळा पडला. बेट ओढलं तर अलगद हातात आलं, खाली मुळ्याच नव्हत्या. तेव्हापासून मनात होतं, हा किडा आपणहून दिव्यावर का येतो?

किड्याचं बघणं समजायला शास्त्रज्ञांनी धरलं ते पिकल्या केळ्यावरचं चिलट. त्याच्या एकेका डोळ्यात साधारण ८०० बारीक भिंगं असतात. प्रत्येक भिंगाखाली उजेड टिपणाऱ्या ८ पेशी. त्यातली सातवी अतिनील उजेड टिपते, जो आपल्याला दिसतच नाही. तिची तार थेट मेंदूत जाते. अतिनील आणि हिरवा असे दोन दिवे ठेवले, तर चिलट अतिनीलकडे धावतं.

पण काही चिलटं हिरव्याकडेच गेली. तपासलं तर त्यांच्यात सातवी पेशी तयारच झाली नव्हती. बिघाड एका जनुकात होता. जनुक म्हणजे आईबापाकडून आलेली, शरीर कसं घडवायचं याची सूचना. गोधडीचा एक टाका चुकला की पुढची नक्षी बदलते, तसंच हे.

असं काम आपल्या मुंबईतही झालं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकींनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. तिथे १९७७ साली आलेल्या, मूळच्या गोव्याच्या घरातल्या वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी चिलटांचा वास आणि चव कोणत्या जनुकांवर चालते ते शोधलं. २०२४ साली तर चिलटाच्या अख्ख्या मेंदूतल्या सुमारे १ लाख ३९ हजार पेशींच्या जोडणीचा नकाशा जगापुढे आला.

भुंगेरा म्हणजे चिलट नव्हे. पण त्याचीही ओढ जन्मजात. तो विचार करून येत नाही, मग विचार आपण करायचा.

पहिल्या वळवानंतर अंधार पडला की बांधावर दिवा लावा, खाली घमेल्यात रॉकेल घातलेलं पाणी ठेवा. कडुलिंब-बाभळीच्या फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरेही वेचा. दोन-तीन तासांनी दिवा मालवा, कारण रात्रभर जळला तर मित्रकिडेही मरतात. आणि हे एकटीनं करू नका. भुंगेरे शेजारच्या शेतातूनही येतात, म्हणून सगळ्या गटानं एकाच आठवड्यात करा. मादीनं मातीत अंडी घातली, की मग वेळ गेली.

या वळवाला केरसुणी नको, घमेलं काढा. रामराम.