उंबरठा ते उंबरठा

बेंगळूरच्या यशवंतपूर स्थानकावर दिवस मावळला, की उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या फलाटावर मराठी कानी पडू लागते. कोणी बेळगावचा नोकरदार असतो, कोणी विद्यार्थी. अशा एखाद्याला घरून दुपारी निरोप यावा, वडिलांची प्रकृती बिघडलेली असावी, म्हणजे त्याच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो : लवकर कसे पोहोचावे?

नकाशा म्हणतो, विमानाने. बेंगळूरचा विमानतळ आणि बेळगावजवळचा सांबरा विमानतळ यांत सरळ रेषेने सुमारे ४४५ किलोमीटर अंतर. सव्वा तासात विमान पोहोचते. लोहमार्ग मात्र तुमकूर, अर्सीकेरे, दावणगेरे, हुबळी, लोंढा अशी वळणे घेत सुमारे ६०० किलोमीटर धावतो. त्यात सारी रात्र सरते.

परंतु विमानतळावर कोणाचे घर नसते. देवनहळ्ळीचा विमानतळ २००८ साली सुरू झाला. यशवंतपूरहून तो सुमारे ३० किलोमीटर दूर. वाटेतील रहदारी, तपासणी, प्रतीक्षा आणि सांबऱ्याहून गावात जाणे हे सारे मिळवले, म्हणजे सव्वा तासाचे चार-पाच तास होतात. तरीही रात्रभराच्या प्रवासाहून ते थोडेच.

आता अंतरच कमी करून पाहावे. सांबरा आणि हुबळी या दोन लहान विमानतळांत सरळ रेषेने अवघे ७५ किलोमीटर आहेत. ताशी ५०० किलोमीटर वेगाचे विमान गणिताने ते नऊ मिनिटांत कापील. पण विमान उंची गाठून पुरा वेग घेते न घेते, तोच उतरणीला लागावे लागते. शिवाय जमिनीवरचे दीड-दोन तास अंतराबरोबर घटत नाहीत. तेवढ्यात मोटार बेळगावहून हुबळीस पोहोचते. लहान गावांना आकाशमार्गाने जोडणारी ‘उडान’ योजना २०१६ साली आखली गेली, तेव्हा डोंगराळ व दुर्गम प्रदेश वगळता २०० ते ८०० किलोमीटरचे मार्गच तिने विचारात घेतले. त्यामागचा हिशेब हाच.

आणखी एक वेळ असा आहे, की जो कोणत्याही नकाशावर दिसत नाही : पुढच्या विमानाची वाट पाहण्याचा. लहान विमानतळावर दिवसाकाठी विमाने मोजकीच. बेळगावचे विमान सकाळीच निघून गेले असेल, तर सव्वा तासाचा मार्ग दुसऱ्या दिवसापर्यंत बंदच राहतो. आणि रात्री यशवंतपूरहून सुटलेली, संथ म्हणून हिणवलेली आगगाडी त्याच्या आधी बेळगावला लागते.

अंतर दोन विमानतळांमध्ये मोजता येते. प्रवास मात्र एका उंबरठ्यापासून दुसऱ्या उंबरठ्यापर्यंतच मोजावा लागतो. आजारी पित्याच्या उशाशी बसलेली माणसे विमानाचा वेग विचारीत नाहीत. मुलगा दारात केव्हा येईल, एवढेच विचारतात.