ओंजळीत पाणी नको

(तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीतलं भाषण)



मी खोपोलीचा. तालुका खालापूर, जिल्हा रायगड. जुन्या माणसांच्या तोंडी अजून कुलाबाच. तुम्ही वरळीचे, घाटकोपरचे, उल्हासनगरचे. देशाच्या भवितव्यावर बोल म्हणून तुम्ही मला उभं केलंय. मी अर्थशास्त्री नाही. पण देश म्हणजे काय दिल्लीतल्या कपाटात ठेवलेली वस्तू आहे? तो आमच्या कर्जत-खालापुरातूनही दिसतो. आणि तिथून जो दिसतो, त्यानं माझी झोप उडालीय.

आधी उजेडाचं सांगतो. १९१५ साली टाटांचं वीजघर खोपोलीत सुरू झालं. वर मावळात धरणं बांधली, पाणी नळांतून घाटाखाली सोडलं, वीज काढली आणि मुंबईच्या गिरण्यांना दिली. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरं वीजघर आलं. वीज काढून झाली की ते पाणी उल्हास नदीत उतरतं आणि खालची शहरं ते पितात. पुढं खालापुरात धावरी नदीवर मोरबे धरण झालं, ते नवी मुंबई महापालिकेचं. २०२५ साली कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार या धरणांना मंत्रिमंडळानं मान्यता दिली. तेही पाणी मुख्यत: शहरांसाठीच.

तुम्ही पाणी पिता म्हणून मी भांडायला आलेलो नाही. तुमच्या वस्तीत एका नळावर किती हंडे लागतात, ते मला ठाऊक आहे. माझा प्रश्न साधा आहे : ज्यांच्या डोंगरातून हे सगळं खाली जातं, त्यांना हिशेबात कुणी धरलं?

मोरबे धरणाच्या वर इर्शाळगड. त्याच्या कुशीत इर्शाळवाडी, ठाकर आदिवासींची. १९ जुलै २०२३ च्या रात्री वाडीवर दरड कोसळली. २७ प्रेतं सापडली. ५७ माणसं सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला. वाडीला रस्ता नव्हता, म्हणून मोठी यंत्रं वर गेली नाहीत. माणसं कुदळ-फावडी घेऊन चिखलातून चढली. आणि याच तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा होऊन २००२ पासून धावतोय! वाडी दरडीच्या धोक्याच्या यादीत नव्हती, असं सरकारनंच सांगितलं. यादीत नाव नाही म्हणजे माणूसच नाही. असा हा कारभार.

आता रोजीरोटीचं. आमच्याच तालुक्यात रसायनीला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स हा केंद्र सरकारचा कारखाना होता. कंपनी १९६० सालची. सरकारी म्हणून राखीव जागा. ज्याच्या बापानं दुसऱ्याचा बांध सोडून काही पाहिलं नव्हतं, तो गेटातून ताठ मानेनं आत जायचा, पगाराच्या दिवशी सही करायचा. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे हवेत, हे बाबासाहेबांनी १९४७ सालीच लिहून ठेवलं होतं. ते उगाच नाही. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं रसायनीचा कारभार गुंडाळायचं ठरवलं. तोटा होता, खरं आहे. पण तोट्याच्या वहीत एक रकाना कुणी भरलाच नाही : या दारातून जी घरं वर आली असती, त्यांचं काय?

खाजगी नोकरीत राखीव जागा नाहीत. आरक्षणावरून पोरं एकमेकांची डोकी फोडतायत आणि ज्या नोकऱ्यांना आरक्षण लागतं त्याच नोकऱ्या मागच्या दारानं निघून चालल्यात. माझा पुतण्या आयटीआय शिकलेला. ठेकेदाराकडं राबतो. अकरा महिने झाले की ब्रेक, मग नवा ठेकेदार, नवं कार्ड, जुनीच मशीन. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यालाही टाळं लावायला सरकारची परवानगी लागायची. आता ती मर्यादा तीनशेवर गेलीय. म्हणजे लहान कारखान्यातल्या कामगाराचा आडोसा गेला.

आपला देश जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांत गणला जातो. आणि याच देशात ८० कोटींच्या वर माणसं महिन्याला पाच किलो फुकट धान्यावर धरलेली आहेत. दोन्ही गोष्टी सरकारच छाती फुगवून सांगतं! ऑगस्ट २०२४ पासून बायांच्या खात्यात महिन्याचे दीड हजार रुपये येऊ लागले. माझी वहिनीही घेते. घेऊ दे. तिच्या चुलीला हसणाऱ्यांच्या मी कानाखाली वाजवीन. भुकेल्याला धान्य मिळालंच पाहिजे. पण नोकरी, जमीन, शाळा, दवाखाना हे हक्क एका हातानं काढून घ्यायचे, दुसऱ्या हातानं पैसे टाकायचे आणि वर फोटो लावायचा, हा डाव ओळखा. हक्काची खैरात होतेय. हक्क असला की माणूस विचारतो. खैरात घेणाऱ्याला विचारायची चोरी.

मला भीती वाटते ती याची. मत सगळ्यांचं एक आणि किंमतही एक, पण पोटापाण्यात विषमता. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर लोकशाहीचा डोलारा टिकणार नाही, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं. आता तर मताचीही किंमत बघा. २०२२ साली आमदार सुरतेला गेले, सुरतेहून गुवाहाटीला. आमच्या कर्जतचाही गेला. मतदाराला कुणी विचारलं? कारखाना विकताना विचारलं नाही, धरण बांधताना नाही, सरकार पाडतानाही नाही. मग आपण आहोत कशाला? बोटाला शाई लावून घ्यायला?

महाड आमच्याच जिल्ह्यात. चवदार तळं खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. ठराव कागदावर, पाणी तळ्यात, आपण काठाबाहेर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि हातानं पाणी प्याले. वरून कुणी ओंजळीत ओतावं म्हणून ते गेले नव्हते. तसं ओतणं तर पिढ्यान् पिढ्या चालूच होतं.

तेव्हा भाषणं पुरे. ठेकेदारीतल्या पोरांची गेटवार यादी करा : किती राबतात, किती वर्षं, कोणत्या जातीचे. खाजगी नोकरीत आणि ठेक्यात राखीव जागा मागा. बंद सरकारी कारखान्याची जमीन कुणाला, केवढ्याला गेली, त्याचा हिशेब मागा. धरणाचा पहिला नळ धरणाखालच्या वाडीला, ही मागणी तुम्ही शहरातून करा. आम्ही एकटे केली तर आमच्यावर केस होते. दीड हजार घ्या आणि प्रश्नही विचारा. घेतलं म्हणून जीभ गहाण पडत नाही.

देशाचं काय होणार, ते मला सांगता येत नाही. ठाकर, कातकरी, बौद्धवाड्यातला आणि झोपडपट्टीतला एका पायरीवर आला नाही, तर आपलं काय होणार, ते मात्र दिसतंय.

जय भीम.