गोष्टीचं माहेर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

समोर बसलेले माझे सगळे गुरुजन, आणि ज्यांना मी आजही आडनावानंच हाक मारते असे माझे वर्गमित्र आणि मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं होतं, "कॉम्प्युटरवर काहीतरी बोला." त्यावर मी रोजच बोलते आणि ऐकणाऱ्यांना रोजच झोप येते. म्हणून आज वेगळा विषय घेते. आपल्या आजीनं सांगितलेल्या गोष्टी. त्या फक्त आपल्या आजीच्या नाहीत, हे मला सांगायचं आहे.

लेकीकडं निघालेली म्हातारी आठवते ना? वाटेत वाघ अडवतो. ती म्हणते, आत्ता माझ्या अंगावर नुसती हाडं आहेत, लेकीच्या हातचं चार दिवस खाऊ दे, मग खा. आणि परत येते ती भोपळ्यात बसून! ही म्हातारी इराणमध्येही आहे. तिथंही ती लेकीकडंच निघते, वाटेत लांडगा आणि सिंह भेटतात, आणि तिथंही भोपळाच तिला वाचवतो. बंगालमध्ये सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी 1910 मध्ये 'टुनटुनीर बोई' हे मुलांसाठीचं पुस्तक काढलं. त्यातली कुबडी म्हातारीही अशीच घरंगळत घरी येते.

त्याच 1910 साली फिनलंडच्या आन्ती आर्ने या अभ्यासकानं लोककथांना क्रमांक देऊन त्यांची यादी केली. पुढं अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी 1928 आणि 1961 मध्ये ती वाढवली, आणि 2004 मध्ये जर्मनीच्या हान्स-योर्ग उथर यांनी ती पुन्हा नीट लावली. "थांब, मी जाड होऊन येते" या युक्तीला त्या यादीत 122 एफ असा क्रमांक आहे. आमच्या कामात प्रत्येक चुकीला नंबर असतो. गोष्टींनाही असतो हे कळलं, तेव्हा मला फार आपलेपणा वाटला.

पण खरं बोलायचंय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. श्रावणातली शिळासप्तमीची कहाणी. राजानं गाव वसवलं, तळं बांधलं, पण तळ्याला पाणी लागेना. जलदेवतांनी बळी मागितला, सुनेचा थोरला मुलगा. राजानं सुनेला माहेरी पाठवून दिलं आणि पोराला तळ्यात ठेवलं. पाणी भरून आलं. सून भावाबरोबर परत निघाली, तर तळं तुडुंब. तिला यातलं काहीच माहीत नाही. तिनं तळ्याकाठी आपला वसा पाळला, काकडीच्या पानावर दहीभात ठेवला, पाण्यात गेलेली माणसं परत मागितली. आणि पोरानं मागून येऊन तिचा पाय ओढला.

आता सीमा ओलांडून कर्नाटकात जा. तिथं 'केरेगे हारा' नावाचं कथागीत आहे. हारा म्हणजे आहुती, केरे म्हणजे तळं. गौडानं तळं खोदलं, पाणी नाही. बळी कोण? सगळ्यांत धाकटी सून, भागीरथी. ती माहेरी जाऊन येते, पण आईबापाला काही सांगू शकत नाही. नवरा लढाईवर. तो परत येतो, त्याला कळतं, आणि तोही त्याच तळ्यात उडी घेतो.

ग्रीसमधल्या आर्ताचा पूल दिवसा बांधला की रात्री कोसळायचा. मुख्य गवंड्याच्या बायकोला पायात चिणल्यावर तो उभा राहिला. मरताना ती पुलाला शाप देते, पण परदेशी गेलेला आपला भाऊ कधीतरी याच पुलावरून येईल, हे आठवून शाप मागं घेते. सर्बियन गीतात स्कादरच्या किल्ल्यासाठी तीन भावांतल्या धाकट्याची बायको चिणली जाते, कारण थोरल्या दोघांनी ठरलेलं मोडून आपापल्या बायकांना आधीच सावध केलेलं असतं. ती विनवते, भिंतीला एक झरोका ठेवा, माझ्या तान्ह्याला पाजता येईल. रोमानियात आर्जेशच्या मठाची आणि मानोले गवंड्याची हीच कथा आहे.

हे सगळीकडं सारखं कसं? अभ्यासक दोन उत्तरं देतात. एक, गोष्टी प्रवास करतात. आपलं पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात अरबीत 'कलीला व दिम्ना' झालं आणि तिथून युरोपात पोचलं. दुसरं, माणसाची भीती सगळीकडं एकच. धरणीतून, नदीतून एवढं मोठं काही घ्यायचं तर किंमत द्यावीच लागेल, असं सगळ्यांनाच वाटत आलं आहे.

दोन्ही उत्तरं मला पटतात. पण मला टोचतं ते पुढचं. किंमत नेहमी तीच का देते? या एकाही गोष्टीत राजा स्वतः तळ्यात उतरत नाही, मुख्य गवंडी स्वतःला चिणून घेत नाही. दुसऱ्या घरून आलेली, वयानं लहान, जिच्या बाजूनं बोलायला तिथं कुणी नाही, तीच निवडली जाते. आणि तिला विचारतही नाहीत.

पाण्याची गोष्ट मराठवाड्याला समजावून सांगायची गरज नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आपल्या वर्गातल्या किती मुली आडावरून दोन खेपा टाकून मग प्रार्थनेला उभ्या राहायच्या, हे इथल्या बाईंना चांगलं आठवत असेल. तळं राजाच्या नावाचं, पाणी गावाचं, आणि घागर मात्र लेकी-सुनांच्या डोक्यावर. कहाणी जुनी आहे, पण संपलेली नाही.

आता आपल्या कहाणीचं वेगळेपण बघा. कन्नड गीतात भागीरथी परत येत नाही, आर्ताची बाई परत येत नाही. आपल्याकडं पोरगा परत येतो. मला वाटतं, याचं कारण ही कहाणी बायकांनी बायकांना सांगितली हे आहे. व्रताला जमलेल्या आयांना शेवट पोराला गमावून करता येईना. तळं राजाचं राहू दे, शेवट आमचा, असं त्यांनी ठरवलं असावं.

आणि या गोष्टी नेल्या कुणी? व्यापाऱ्यांनी, फौजांनी, यात्रेकरूंनी नेल्याच. पण आपली उमरी बघा. रेल्वेनं थोडं पुढं गेलं की धर्माबाद, त्यापलीकडं तेलुगू. देगलूरकडं गेलं की कन्नड जवळ. या सगळ्या भागात लेकी दिल्या-घेतल्या जातात. प्रत्येक सून ट्रंकेत लुगड्यांबरोबर माहेरच्या दहा गोष्टी घेऊन आली. जिला गोष्टीत तळ्यात ढकललं, तिनंच ती गोष्ट गावोगाव पोचवली.

म्हणून एक विनंती करते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या काही गाणारीच्या नावागावासह ऐकता येतात. आपल्याला लाख नकोत. आपल्या बॅचचे आपण जेवढे आहोत तेवढ्या गोष्टी पुरेत. आई, सासू, आत्या, मावशी, जी कुणी सांगत असेल तिच्यासमोर मोबाईल ठेवा आणि तिला बोलू द्या. तिचं बोलणं शुद्ध करू नका. "तसं नाही, असं आहे" म्हणून टोकू नका. ती चुकत नसते, ती तिच्या गावची गोष्ट सांगत असते.

खाली तिचं नाव लिहा, आणि त्यापुढं तिचं माहेर लिहा. सासरचा पत्ता आधार कार्डावर असतोच. गोष्ट कुठून आली, हे मात्र माहेरच्या गावावरूनच कळेल. ते सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा हे काम पुढच्या मेळाव्यापर्यंत ठेवू नका, या दिवाळीतच करा.

गुरुजनांना नमस्कार, आणि तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत याबद्दल आभार. शाळेत असताना हे कधी घडलं नव्हतं.