खडूच्या खोक्यातली मतं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



चाळीस वर्षांनी या वर्गात बोलायला उभं राहिलो, तरी पाय लटपटतातच. समोर सर आहेत, बाई आहेत. चुकलो तर बाकावर उभं राहायची तयारी आहे. संयोजक म्हणाले, "तू राज्यशास्त्र शिकवतोस, तर विद्यापीठं आणि लोकशाही यावर पाच मिनिटं बोल." विषय मोठा आहे, म्हणून सुरुवात आपल्या वर्गापासूनच करतो.

नववीतली वर्गप्रमुखाची निवडणूक आठवते? वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या आणि खडूचं रिकामं खोकं ही मतपेटी. मी तीन मतांनी पडलो आणि डबा न उघडता मागच्या बाकावर जाऊन बसलो. सर जवळ आले आणि म्हणाले, "हरलेल्यानं रुसायचं नसतं. निवडून आलेल्याला प्रश्न विचारायचे असतात. उद्यापासून ते तुझं काम." पुढे एम. ए.ला विरोधी पक्षाच्या भूमिकेवर उत्तर लिहिताना मला सरांचंच वाक्य आठवत होतं.

आपण १९८५ला दहावी झालो. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. मार्च १९८९मध्ये एकसष्टावी घटनादुरुस्ती लागू झाली, वय १८ वर आलं, आणि त्याच नोव्हेंबरात विशीतल्या आपण लोकसभेसाठी पहिल्यांदा बोटाला शाई लावून घेतली. देशानं अठरा वर्षांच्या पोरांवर विश्वास टाकला होता.

पाचच वर्षांनी, १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं, महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतून थेट निवडणुका गेल्या. वर्गात ज्याचे गुण जास्त, तो प्रतिनिधी. कारणं खोटी नव्हती. जी. एस.च्या निवडणुकीतला पैसा, मारामाऱ्या, फुटलेल्या काचा आपण सगळ्यांनी पाहिल्यात. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं होतं.

त्या हायसं वाटण्याची किंमत मला नंतर कळली. विद्यार्थी मंडळाचं काम माझ्याकडे होतं. एकदा एक मुलगा साठ सह्यांचा अर्ज घेऊन आला. शेवटचा तास सुटेपर्यंत गावाकडची शेवटची एस. टी. निघून जायची, तास आधी घ्या, एवढीच मागणी. मी म्हणालो, "तू प्रतिनिधी नाहीस. अर्ज तिच्यामार्फत दे." प्रतिनिधी मुलगी हुशार होती, पण ती शहरात राहणारी. एस. टी.चा प्रश्न तिला ठाऊकच नव्हता आणि वर्गानं तिला निवडलंही नव्हतं. अर्ज परत माझ्याकडे आलाच नाही. महिन्याभरात गावाकडच्या मुलींनी शेवटच्या तासाला बसणं सोडलं. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. पण सरांनी ज्याला प्रश्न विचारायला शिकवलं, त्यानंच एका मुलाचा प्रश्न दारातून परत पाठवला होता. हे मला अजून टोचतं.

गुण मिळवणं आणि लोकांचं म्हणणं मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मत मागणं, हरणं, हरल्यावरही बोलत राहणं हे सवयीनं येतं. ही सवय लावायची जागा म्हणजे विद्यापीठ. गैरप्रकार होतात म्हणून मतपेटीच उचलून नेणं हा उपाय नव्हे. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये मान्य केल्या. त्यांत उमेदवाराचा खर्च पाच हजारांपर्यंत आणि छापील पोस्टर बंद, फक्त हातानं केलेली चालतील, असे साधे नियम आहेत. महाराष्ट्राच्या २०१६च्या कायद्यातही निवडणुकांची तरतूद परत आली. आमच्या महाविद्यालयात मात्र अजून मतपेटी आलेली नाही.

आता जरा आपल्याकडे वळतो. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी दहा सदस्य निवडून द्यायचे असतात. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून यावेळी असेलच असं नाही. अर्ज क्रमांक १८ भरावा लागतो. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या या तुमच्या मित्रानं तो पहिल्यांदा भरला, तेव्हा नोकरीला पंधरा वर्षं झाली होती! 'विद्यापीठांचं काही खरं राहिलं नाही' असं आपण लग्नाच्या पंगतीत म्हणतो. पण तिथं आपलंही एक मत आहे, ते वापरल्याशिवाय तक्रार करायचा हक्क थोडा लंगडाच.

म्हणून एकच विनंती. पुढच्या मेळाव्याला येताना आपल्यातल्या प्रत्येक पदवीधरानं नाव नोंदवून यावं. आणि घरातली मुलं-नातवंडं महाविद्यालयात असतील, तर त्यांना विचारा, "तुमचा प्रतिनिधी कोणी निवडला?"

सर, तुम्ही दिलेलं काम मध्ये काही वर्षं माझ्याकडून राहिलं. पुन्हा सुरू केलंय.